शाल हातात दिली

मान वाकवून उभा होतो. खांदे पुढे केलेले. शाल अंगावर पडणार, फोटो निघणार, म्हणून हसूही आधीच काढून ठेवलेलं. शाल पडली नाही. हातात आली. प्लास्टिकच्या पिशवीसकट.

माजलगावला एका साखर कारखान्याच्या सभागृहात आमचा सत्कार होता. अणुबॉम्ब आणि अणुभट्टी, दोन्हींच्या विरोधात राबणाऱ्यांचा. सत्कारमूर्ती दोन. पुण्याचे डॉक्टर आणि सिरसाळ्याचा मी. कोकणात अणुभट्टीविरोधी मोर्चात दोघांना एकाच कोठडीत टाकलं होतं. दोघांत एक घोंगडं. डॉक्टर किती घोरतात हे त्यांच्या बायकोनंतर मलाच ठाऊक.

डॉक्टरांचा सत्कार आधी झाला. चेअरमननी शाल उलगडली, खांद्यांवर बसवली, वरून थोपटली. मग माझा नंबर. शाल पिशवीतून अर्धी बाहेर आली, तेवढ्यात चेअरमननी सहज विचारावं तसं विचारलं,

"सिरसाळ्याचे का? कोणत्या गल्लीचे?"

"गल्ली न्हाई साहेब. भीमनगर."

शाल परत पिशवीत गेली.

मी शहाणा अजून वाकलेलोच. वाटलं, वय झालंय, माणूस दमला असेल. पुढच्या रांगेतून आवाज आला, "सरळ हो बे, झालं तुझं." हशा. मीही हसलो. आपल्यावरच हसायची मला जुनी सवय. त्या दिवशी तीही सवय उघडी पडली.

खुर्चीत बसलो. डॉक्टर शालीतूनच झुकले आणि हळू म्हणाले, "मनावर घेऊ नका हो." कोठडीत हाच माणूस फौजदाराला कायदा शिकवत होता.

मग माझं भाषण. त्यासाठी माझ्या झोळीत एक यंत्र असतं, किरणोत्सर्ग मोजायचं. चालू केलं की टिकटिकतं, लोक गप्प होतात. मी गावोगाव एकच सांगत हिंडतो: हे विष दिसत नाही, त्याला वास नाही, ते हाडात बसतं, लेकराबाळांत उतरतं. तोंडपाठ आहे. पण त्या दिवशी 'लेकराबाळांत' म्हणालो आणि जीभ अडली. इतकी वर्षं मी नेमकं कशाचं वर्णन करत होतो? विष शोधायला थेट समुद्रापर्यंत गेलतो. एवढा मोठा अभ्यासक. आणि ते इथं, आमच्याच गावागावांत, हार घालून बसलेलं.

यंत्र चालू केलं. माझ्याच खांद्याला लावलं, माईक जवळ ओढला. टिक. टिक. भिंतीला लावलं तरी तेवढंच वाजतं.

"साहेब, ऐका. माझ्या खांद्यात काई न्हाई. हात लावला तर मरायचे न्हाईत."

आता कुणी हसलं नाही. चेअरमन मोबाईल बघायला लागले. डॉक्टर स्वतःच्या चपला.

शाल पिशवीसकट टेबलावर ठेवली आणि उतरलो.

परवा डॉक्टरांचा फोन आला. आणखी एक सत्कार ठरलाय, या म्हणाले. मी विचारलं, त्या दिवशी तुमची शाल काढून का ठेवली नाहीत? ते आयोजकांच्या अडचणी सांगत राहिले. मी फोन ठेवला.

बॉम्बच्या विरोधात बोलणारच. भट्टीच्या फाटकासमोर झोपणारच, घोंगडं आता माझं वेगळं. पण भाषण यापुढे समुद्रापासून सुरू होणार नाही. या शालीपासून होईल. डॉक्टर शेजारी असले तर त्यांच्यादेखत.

आणि मी वाकणार नाही. उंची माझी बरी आहे. ज्याला शाल घालायची, त्याने टाचा उचलाव्यात.