न आलेली कार्डं

काचेच्या कारखान्यात तिला सगळे तारीखमावशी म्हणत, आणि तेही तोंडावर. माल न्यायला आलेल्याला ती 'कसं काय, बरं आहे ना' असं कधी विचारायची नाही; 'कुठल्या तारखेला पोचेल?' एवढंच विचारायची. कारखाना तिच्या धाकट्या भावाचा, माणसं नऊ, आणि माल असा की शेजारी कुणी शिंकलं तरी तडकावा. म्हणून तिनं एक पद्धत बसवली होती. प्रत्येक पाठवणीत, खोक्याच्या आत, तिकीट लावलेलं एक कार्ड ठेवायचं: माल कधी पोचला, किती नग फुटले, लिहून परत पाठवा. आलेली कार्डं वहीत उतरायची. ट्रक, रेल्वे, लाँच, तिघांची पानं वेगळी. सात वर्षांत ती वही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झाली होती. ट्रकवाले गोड बोलत, लाँचवाले शपथा घेत; मावशी वही उघडायची की सगळ्यांची बोलती बंद.

वहीच्या हिशेबानं लाँच कधीच वेळेवर नाही. ट्रकमध्ये शंभरातले नऊ नग फुटतात, रेल्वेत फक्त दोन.

त्या गुरुवारी भाऊ चारशे मोजनळ्या आणि फुटतील म्हणून वर दहा घेऊन रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेला होता. एका कॉलेजची प्रात्यक्षिक परीक्षा मंगळवारी होती. चारशेच्या चारशे धड पोचल्या तर कॉलेज वर्षभर माल घेणार. नाहीतर भट्टी विझवायची, हे भावानं सगळ्यांना बोलून दाखवलं होतं. चारला पार्सल ऑफिसची खिडकी बंद होणार होती.

अडीचला मावशी जुनी कार्डं वाहनवार बांधत बसली होती. ट्रकचा गठ्ठा जाडजूड झाला. रेल्वेचा दोऱ्यात सैल राहिला. तिनं मोजलं. दोन्हीकडे साठ-साठ पाठवण्या झालेल्या. ट्रकची कार्डं अठ्ठावन्न, रेल्वेची सदतीस.

ट्रकचा ड्रायव्हर समोर उभं राहून कार्ड भरून घ्यायचा, कारण मावशी त्याला कार्डाशिवाय पुढचा माल द्यायची नाही. रेल्वेच्या मालामागे उभं राहणारं कुणी नव्हतं. मग ती तेवीस कार्डं गेली कुठे? तिनं कार्ड न आलेल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत फोन लावला.

"तुमचं खोकं?" तिथला माणूस म्हणाला. "उघडलं तर नुसता चुरा. तेव्हापासून आम्ही दुसरीकडून घेतो."

"मग कार्डावर कळवायचं ना!"

"कार्ड त्या चुऱ्यातच होतं, बाई. हात कोण घालणार?"

दुसरा फोन, तिसरा, चौथा. सगळीकडे तेच. ज्यांचा माल धड पोचला त्यांनीच तिला कळवलं होतं, आणि तेवढ्यावर तिनं रेल्वेला पहिला नंबर देऊन टाकला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

भावाला फोन लावला तर तो त्याच्याच टेबलाच्या खणात वाजला. मावशी उठली ती चपलांची जोडीसुद्धा न बघता. स्टेशनात पोचली तेव्हा चारला दहा मिनिटं होती आणि भाऊ खिडकीत कागदावर सही करायला वाकला होता.

"थांब! रेल्वेनं नको."

"ताई, डोकं फिरलंय का? तुझीच वही सांगते ना?"

"वही चुकलीये. म्हणजे मी चुकले." आणि तिनं तिथेच, कारकुनासमोर, चुऱ्याची गोष्ट सांगितली.

भावाचा चेहरा उतरला. "सात वर्षं मी तुझ्यावर डोळे मिटून चाललो," तो म्हणाला. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

खोकी परत उचलली. ट्रक मिळाला. शंभराला नऊ धरून गोदामातल्या आणखी तीस नळ्या त्यात चढल्या. भावानं विचारलं, "हा नऊचा आकडा तरी खरा आहे का?"

"आता छातीठोक कसं सांगू? मी मालाबरोबर जाते."

आणि बावन्न वर्षांची ही बाई, जिनं आयुष्यभर टेबलावर बसून इतरांचे प्रवास मोजले, ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसली. तीन दिवस प्रत्येक खड्ड्याला तिचा जीव वरखाली होत होता. मागून खळ्ळ आवाज आला की ती ड्रायव्हरवर खेकसायची, आणि तो बिचारा म्हणायचा, "मावशी, रस्ता मी नाही केला."

सोमवारी सकाळी कॉलेजच्या प्रयोगशाळेत खोकी उघडली. प्रयोगशाळेचा सहायक एकेक नळी उजेडात धरून बाजूला ठेवत होता आणि मावशी मनातल्या मनात मोजत होती. फुटक्यांचा ढीग वाढत वाढत अडतीसवर गेला. शेवटचं खोकं संपलं. धड नळ्या चारशे दोन.

मावशी तिथेच रिकाम्या खोक्यावर बसून रडली. मग भावाला फोन केला.

"चारशे दोन," ती म्हणाली.

पलीकडून त्यानं नाक ओढल्याचा आवाज आला.

"ताई, लगेच परत येऊ नकोस. त्या तेवीस जणांकडे जाऊन ये."

"जाऊन काय सांगू रे?"

"काही सांगू नकोस. ते काय बोलतील ते ऐकून घे."