शाहीनभाभीची कोरडी भिंत

धानोऱ्यात आमच्या भाड्याच्या खोल्यांच्या लाइनीत पावसाळ्यात भिंतीवर बुरशी चढते आणि चहाला बसलं की बुरशीचे किस्से चढतात! सगळ्यात जास्त माझ्याकडे, कारण माझ्या शेजारी शाहीनभाभी राहते. ती ब्लाउज शिवते. मालक तोच, सिमेंट तेच, पाऊस तोच. तिची भिंत कोरडी ठणठणीत, माझी हिरवी. जळणार नाही का माणूस?

*

पहिल्या वर्षी बुरशी आमच्या लग्नाच्या फोटोत शिरली. नेमकी ह्यांच्या हनुवटीवर! मी पुसायला घेतला तर हे म्हणाले, "राहू दे ना! दाढी बरी दिसून राह्यली."

*

मग ह्यांनी बुरशीवरूनच गुलाबी डिस्टेंपर मारला. लाइनभर मिरवून झालं. थोड्याच दिवसांत गुलाबी भिंतीवर काळे ठिपके!

शाहीनभाभी दारातूनच म्हणाली, "बाई, पैले साबणानं घासा, चांगली वाळू द्या, मंग रंग. पावडर लावायच्या आधी तोंड नाई धुवत का?"

लाइनीतल्या सगळ्या हसल्या. मीही हसले, पण आतून पेटले होते.

*

खरं दुखणं सासूबाईंचं. ओलीच्या वासानं त्यांना खोकला लागायचा, म्हणून त्या दुपारी शाहीनभाभीकडे जाऊन बसू लागल्या. पुढे पुढे दिवेलागणीपर्यंत! तिच्या मशीनजवळ बसून हुक लावायच्या, मला कधी न सांगितलेल्या माहेरच्या गोष्टी तिला सांगायच्या. मी शाळेत शिकवून घरी आले की भिंतीपलीकडून त्यांचं हसणं ऐकू यायचं. माझ्या घरी त्या कधी अशा हसल्या नव्हत्या. ठरवलं, आपली सासू परत आणायची.

*

ब्लाउजचं माप द्यायच्या निमित्ताने हेरगिरीला गेले. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे. स्वयंपाक झाला की खिडकी उघडी. ओले कपडे बाहेर पत्र्याखाली. माझ्याकडे सगळं उलटं! शिवाय मागच्या भिंतीला बाहेरून ह्यांनी सरपण रचलेलं, पार खिडकीपर्यंत.

"आंघोळीच्या पाण्याची सोय हाय," हे म्हणायचे.

सरपण हलवलं तर भिंत ओलीचिंब आणि खालच्या लाकडांवर कुत्र्याच्या छत्र्या उगवलेल्या. मी कपाळावर हात मारला. हे वाकून बघत म्हणाले, "भाजी होईन का ह्याची?"

*

सरपण शेडखाली गेलं. मी तोंडाला ओढणी बांधून भिंत घासली, पंखा लावून वाळवली, कपाट पुढे ओढलं, दोरी बाहेर बांधली. पोळ्यापर्यंत भिंत लख्ख! सासूबाईंची खाट तिथे मांडली. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, वास घेतला. खोकल्या नाहीत. मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर सासूबाई खाटेवर, आणि समोर शाहीनभाभी, मशीनसकट! दोघी खिदळत होत्या. मी चहाचं भांडं घेऊन गॅसकडे वळले.

"सूनबाई," सासूबाई म्हणाल्या, "चहा शाहीनच्या घरी मांड. इथी वाफ नको करू, आपली भिंत खराब होईन!"