पाहुणीला आणलेला कडू घास

आमच्या धाराशिवच्या चित्रपट महोत्सवाच्या नावात 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द आला तो नेपाळमुळे. त्याआधी आम्ही नुसतं एक सिनेमा मंडळ होतो. कॉलेजातले आम्ही काही प्राध्यापक, एक वकील, एक औषध दुकानदार आणि रविवारी ज्यांना घरात बसवत नाही अशी काही माणसं. कॉलेजच्या हॉलच्या खिडक्यांना सतरंज्या बांधून अंधार करायचा आणि सिनेमा बघायचा. एका वर्षी नेपाळच्या एका दिग्दर्शकानं कुठून तरी आमचा पत्ता मिळवून आपला सिनेमा पाठवला. आमचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी त्याच संध्याकाळी बॅनरवर नवा शब्द चढवला. मी म्हणाले, "सर, एका देशानं आंतरराष्ट्रीय होत नाही." ते म्हणाले, "आपण धरून दोन झाले की."

पण शब्दाचा पायगुण असावा. पुढच्या वर्षी खरंच बाहेरून सिनेमे यायला लागले, आणि सिनेमांच्या मागोमाग माणसं. ती उतरवायची कुठं, हा प्रश्न माझ्या गळ्यात पडला. स्टँडजवळचे लॉज आम्हाला माहीत होते, म्हणूनच तिथं कुणाला ठेवायचं धाडस नव्हतं. मग मी ओळखीच्या शेतकरी घरांत पाहुणे वाटून टाकले. केरळचा एक जण तामलवाडीला गेला, तो रानातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपटापाशी, बाजेवर झोपला, आणि पुढच्या वर्षी सिनेमा नसतानाही आला. नाइलाज म्हणून सुरू झालं होतं, पाहता पाहता ती महोत्सवाची रीत होऊन बसली.

एका रीतीतून दुसरी रीत निघते, तशी एक निघाली. पाहुणा ज्या गावात उतरला असेल, त्या गावात त्याचा सिनेमा आधी दाखवायचा. शाळेच्या मैदानात पडदा लावायचा, मी माईकवर बसून पात्रं काय बोलतात ते मराठीत सांगायचं, आणि दुसऱ्या दिवशी तोच सिनेमा धाराशिवच्या हॉलमध्ये. गावात सिनेमा संपला की लोक पाहुण्याला तोंडावर सांगायचे, आवडला की नाही ते. शहरातल्या प्रेक्षकांसारखं 'वेगळा प्रयत्न आहे' असं कुणी म्हणायचं नाही.

मग आम्ही मोठे झालो. परीक्षक आले, प्रायोजक आले, त्यांच्या नावाच्या कमानी आल्या. अध्यक्षांनी शाली-नारळांचा एवढा साठा केला की एका उद्घाटनाला सिनेमापेक्षा सत्कार लांबला. आणि बायपासला एक चांगलं हॉटेल झालं. औषध दुकानदारांनी मीटिंगमध्ये विषय काढला की आता जग आपल्याकडं बघतंय, पाहुण्यांना गोठ्याशेजारी झोपवणं शोभत नाही. ते काही वाईट मनानं बोलत नव्हते. परदेशी पाहुण्यांच्या पोटासाठी पदरच्या गोळ्या दरवर्षी तेच पुरवायचे, त्यामुळं त्यांच्या बोलण्याला वजन होतं. मी मात्र भडकले. म्हणाले, हॉटेल पाहायला माणूस इतक्या लांबून येत नाही.

अध्यक्षांनी दोघांचंही मन राखलं. या वर्षी पाहुणे घरांतच राहतील. पण एका जरी पाहुण्याची तक्रार आली, तर पुढच्या वर्षीपासून सगळे हॉटेलात. मी म्हणाले, चालेल. म्हणायला नको होतं. पण राग आला की मी मान्य करून मोकळी होते, हा माझा जुना स्वभाव आहे. पाहुणे म्हणजे माणसं, आणि माणसं एखादी तरी तक्रार करणारच, हे मला घरी येऊन चहा ठेवताना सुचलं.

त्या वर्षी जॉर्जियाहून एक मुलगी आली. तिशीची असेल, बारीक केस, जवळ एकच पिशवी. तिला मी सगळ्यांत भरवशाच्या घरी ठेवलं, म्हणजे माकणीला माझ्या माहेरी, काकूंकडं. काका आता फारसे बोलत नाहीत, काकू दोघांचं बोलून घेतात. पाहुणीला मराठी येत नव्हतं, काकूंना इंग्रजी येत नव्हतं. मी संध्याकाळी पोचले तर दोघी ओट्यावर बसून शेंगा फोडत होत्या आणि काकू तिला आमच्या भाऊबंदकीचा इतिहास सांगत होत्या. पाहुणी मान डोलावत होती. मला हायसं वाटलं.

सिनेमा तिनंच केला होता आणि मुख्य कामही तिचंच होतं. गोष्ट साधी. एक मुलगी बापाशी भांडून घर सोडते, आणि बाप गेल्याची खबर आल्यावर परत येते. तोवर त्याची माती होऊन गेलेली असते. ती रिकाम्या घरात बापाच्या सदऱ्यांच्या घड्या घालत बसते. शेवटी टेबलाशी एकटी बसून वाळका पाव खाते, आणि दाराशी कुणी येत नाही. दाराकडं ती बराच वेळ बघते, एवढंच. त्या शेवटाला संवादच नव्हता, त्यामुळं मीही माईकवर गप्प बसले.

नेहमी सिनेमा संपला की माकणीचे लोक बोलायला पुढं येतात. त्या दिवशी कुणी आलं नाही. बाया पदर सारखे करून मुकाट उठल्या आणि आपापल्या घरी गेल्या. पाहुणीनं मला विचारलं, आवडला नाही का? मी म्हणाले, दमले असतील, सुगीचे दिवस आहेत. पण मला स्वतःलाच ते पटलं नव्हतं.

सकाळी पाहुणीला धाराशिवला न्यायला अध्यक्ष स्वतः गाडी घेऊन आले. आम्ही अंगणात चहा घेत होतो, तेवढ्यात गल्लीतून सात-आठ बाया आल्या. डोक्यावर पदर, हातात झाकलेल्या ताटल्या. पुढं काकूंच्या शेजारच्या म्हाताऱ्या आजी होत्या. बाया पाहुणीभोवती खाली बसल्या. आजींनी तिच्यापुढं ताट सरकवलं. त्यात पिठलं आणि भाकरी होती.

मला उमजलं. आमच्याकडं कुणी गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे, सोयरे पिठलं-भाकरी घेऊन येतात आणि घरच्यांना दोन घास खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. माझे वडील गेले तेव्हा याच गल्लीतून ताटं आली होती. मला घास गिळवत नव्हता आणि याच आजींनी पाठीवर हात ठेवून तो गिळायला लावला होता. काल पडद्यावर बायांनी एक पोर बापाविना टेबलाशी बसलेली पाहिली होती आणि तिच्या दाराशी कुणी आलं नव्हतं. ते त्यांना सोसलं नव्हतं.

अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. "बाई, हे काय चाललंय? सिनेमा आणि खरं यातला फरक सांगा त्यांना. पाहुणीला काय वाटेल?" त्यांचं चुकत नव्हतं. आता माफी मागावी, बायांना उठवावं आणि गाडी काढावी, असंच माझ्याही मनात आलं. पण पाहुणीला काहीच माहीत नव्हतं. तिला वाटलं न्याहारी आली. तिनं खुशीत भाकरीचा तुकडा मोडला आणि पिठल्यात बुडवला.

आजींनी हलक्या आवाजात मला विचारलं, "कवा गेलं गं हिचं वडील? लई दिस झालं का?"

मी इंग्रजीत विचारलं. पाहुणी घास हातात धरून माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "गेले नाहीत. जिवंत आहेत."

मी ते मराठीत सांगितलं मात्र, आजींनी तिच्या हातातला घास काढून घेतला आणि ताट उचललं. बाकीच्या बायांनीही भराभर आपापल्या ताटल्या मागं घेतल्या. "जित्या माणसाचा कडू घास खाऊ न्हाय," आजी म्हणाल्या. "टाक ते गुरांम्होरं." काकू ताट घेऊन गोठ्याकडं गेल्या. पाहुणी रिकाम्या हातानं बसून राहिली. अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. मी जमेल तसं तिला समजावून सांगितलं: कडू घास म्हणजे काय, तो का आणला होता, का काढून घेतला. ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलत गेला.

आजींचं समाधान झालं नव्हतं. "इचार तिला, जित्या बापाला सिनेमात कशापायी मारलं?"

असा प्रश्न आमच्या एकाही परीक्षकानं कुणाला विचारला नसता. मी तो जरा गुळगुळीत करून विचारला, पण पाहुणीला मूळ प्रश्न आजींच्या चेहऱ्यावरूनच कळला असावा. ती हळूहळू बोलली. सिनेमाच्या नादापायी तिनं घर सोडलं होतं, बापानं दार लावून घेतलं होतं, आणि त्याला आता कित्येक वर्षं झाली होती. ती म्हणाली, "ते गेल्यावर मला रडू येईल की नाही, हे मला बघायचं होतं."

मी सांगितलं. आजी म्हणाल्या, "रडलीस की. आमी समद्यांनी बघितलं. आता लाव फोन."

हे मी तिला सांगणार नव्हते. कुणाच्या घरच्या गोष्टीत आपण पडू नये, एवढं शिक्षण मला मिळालेलं आहे. पण आजींनी हाताचा फोन करून कानाला लावून दाखवला, भाषांतराची गरजच उरली नाही. पाहुणी बराच वेळ मोबाईलकडं बघत बसली. मग उठून हौदाच्या कट्ट्यावर गेली, कारण काकूंच्या अंगणात रेंज फक्त तिथंच येते. आम्ही सगळे तिच्याकडं न बघण्याचा प्रयत्न करत बघत होतो. अध्यक्षांनी गाडीची किल्ली खिशात टाकली.

फोन उचलला गेला. ती एक शब्द बोलली, तो बहुतेक 'बाबा' असावा. नंतर पलीकडून काहीतरी विचारलेलं ऐकलं आणि एकदम हसायला लागली. हसता हसताच तिचे डोळे भरून वाहायला लागले. तिनं काहीतरी उत्तर दिलं, पुष्कळ बोलली, पुष्कळ ऐकलं. फोन ठेवून आली तेव्हा आजींनी आधी मला ढोसलं. "काय म्हनला त्यो?"

"जेवलीस का, म्हणून विचारलं त्यांनी," पाहुणी म्हणाली. "मी सांगितलं, नाही. इथल्या बायांनी माझं ताट काढून घेतलं."

मी जसंच्या तसं मराठीत सांगितलं. माझ्या वडिलांचा फोन आला की मी 'हो हो, जेवले' म्हणून कामाला लागायची. किती वेळा न जेवता तसं म्हटलं असेल कुणास ठाऊक. आता विचारणारंच कुणी नाही. बाया पदरानं डोळे पुसत होत्या. काकू उठून चुलीकडं गेल्या आणि रवा भाजल्याचा वास यायला लागला.

अध्यक्ष माझ्याजवळ आले. मुख्याध्यापक म्हणून आयुष्य गेलेला माणूस, नियम विसरत नाही. घसा खाकरून म्हणाले, "बाई, ताट काढून घेतलं, असं पाहुणी स्वतः म्हणाली. ही तक्रार धरावी लागेल."

मी म्हणाले, "धरा. पण मीटिंगमध्ये सांगाल तेव्हा अर्धी सांगू नका."

महोत्सव संपल्यावर मीटिंग झाली. मी भांडणाची सगळी तयारी करून गेले होते. अध्यक्ष उभे राहिले आणि म्हणाले, पाहुण्यांची एक तक्रार आहे. औषध दुकानदार सावरून बसले. अध्यक्षांनी सांगायला सुरुवात केली, शाळेत मुलांना धडा समजावून द्यावा तशी, काही न गाळता. सिनेमा सांगितला, पिठलं-भाकरी सांगितली, आजींनी काढून घेतलेला घास सांगितला. हौदाच्या कट्ट्यापर्यंत आले, बापानं फोनवर पहिलं काय विचारलं ते सांगितलं आणि थांबले. त्यांनी चष्मा काढला. तो पुसत बसले आणि पुढचं राहूनच गेलं.

शेवटी औषध दुकानदारांना राहवलं नाही. ते खुर्चीत पुढं सरकून म्हणाले, "अहो सर, मग जेवली का नाही ती पोरगी?"