डाव्या बाजूचं दूध

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवापुढे बसले तेव्हा देवालाही नाही — त्याला कळत असेलच, असं धरून चालले. आता लिहायला बसले तीही धीर आला म्हणून नव्हे. ज्याला सांगायला हवं होतं तो माणूस गेल्या माघात गेला, आणि तो गेल्यावरच मी दौत पुढ्यात घेतली. माझी लायकी एवढ्यावरूनच तुमच्या ध्यानात यावी.

एकदम सांगता येत नाही. थोडं मागून यावं लागेल.

आमचं घर निपाणीच्या बाजूला, बोरगावच्या वाटेवर. शेत तंबाखूचं. घरात सासूबाई, आम्ही दोघं, धाकटे भाऊजी आणि त्यांची बायको पारू. जर्मनीची पहिली लढाई संपून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. माझी इंदू तेव्हा चार महिन्यांची होती. तिच्याआधी माझी दोन मुलं गेली होती — एक सहा दिवसांचं, एक दीड महिन्याचं. त्यामुळे इंदूनं नुसती जांभई दिली तरी मी तिच्या छातीवर हात ठेवून श्वास बघायची. अशात पारू बाळंत झाली. मुलगा झाला. आणि सातव्या दिवशी ती तापानं गेली. शेवटी तिला शुद्ध नव्हती, त्यामुळे तिनं मूल माझ्या ओटीत घातलं, मला वचन मागितलं, असं काही झालं नाही. मूल सासूबाईंनी घातलं. बारसंही झालं नव्हतं त्याचं. सगळे नुसतं बाळू म्हणायचे.

मी त्याला जवळ घेतलं, आणि मनापासून घेतलं. हे खरं आहे. पुढचं ऐकून तुमचा विश्वास बसणार नाही, तरी खरं आहे. उजवी बाजू इंदूची, डावी बाळूची, असं मी ठरवून टाकलं होतं. पहिला महिनाभर तो छान प्यायला. पिताना माझं बोट घट्ट धरून ठेवायचा. भाऊजी शेतावरून आले की उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहून विचारायचे, "वैनी, प्यालं का वो आज?" मी म्हणायची, व्हय, पोटभर. तेवढं ऐकून ते पाय धुवायला जायचे. आत येऊन मुलाकडे बघायची त्यांना भीती वाटायची, मला वाटतं.

मग सासूबाईंनी सुरू केलं. "आदी त्येला पाज. पोट भरलं त्येचं की मग तिला घे. पोरीच्या जातीला काय हुतंय, रडून बी जगती." रोज. दोघं एकदम रडायला लागली की इंदूला माझ्या मांडीवरून उचलायच्या आणि त्याला ठेवायच्या. दोन्ही बाजू त्यालाच. मग इंदू येऊन चोखत बसायची, काही यायचं नाही, पुन्हा रडायची. तिचे दंड बारीक झाले. मला झाले असं वाटलं — खरंच झाले होते की काय, आज सांगता येत नाही. दोन मुलं गेलेल्या बाईच्या नजरेवर किती भरवसा ठेवायचा?

आता तंबाखूचं सांगायला हवं. फुटवे खुडायचे दिवस होते. दिवसभर खुडून आलं की हातावर काळा, चिकट थर बसतो. पदरावर, गळ्यावर, सगळीकडे तोच कडवटपणा. आमच्याकडच्या लेकुरवाळ्या बायका शेतावरून आल्या की चिंच आणि राख घेऊन हात घासतात, मग ऊन पाण्यानं छाती धुतात आणि मगच पोराला घेतात. न धुता घेतलं तर पोर तोंड फिरवतं. हे इथल्या पोरीबाळींनाही ठाऊक असतं. सासूबाईंना तर होतंच. पण त्या आता शेतावर जात नव्हत्या, आणि मी न्हाणीत काय धुते, काय नाही, हे बघायला कोण येणार?

एक दिवस बाळू फार रडत होता, म्हणून मी नुसते हात धुऊन बसले. त्यानं तोंड लावलं आणि लगेच फिरवलं. चेहरा वेडावाकडा केला. सासूबाई म्हणाल्या, आज का प्यायना? मी म्हटलं, काय की. आणि इंदूला घेतलं — ओल्या फडक्यानं पुसून, उजव्या बाजूला. ती भरपूर प्यायली. खूप दिवसांनी तिचं पोट टम्म झालं, ती तशीच झोपली. मी तिच्याकडे बघत बसले आणि मला फार बरं वाटलं.

पहिली चूक ती. दुसऱ्या दिवशी केलं ती चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी उजवी बाजू धुतली. डावीवर बोटं फिरवली. न धुतलेली बोटं. सासूबाईंनी त्याला आधी दिलं, डावीकडे लावलं, त्यानं तोंड फिरवलं. उजवीकडे लावू म्हणाल्या, तेव्हा मी पदराआड अंगठा तिथंही टेकवला. मग त्यांची पाठ वळल्यावर पुसून काढलं आणि इंदूला घेतलं. असं मी आठ-नऊ दिवस केलं. डावी बाजू भरून दगड व्हायची, ताप यायचा. न्हाणीत जाऊन मी ते दूध मोरीत पिळून टाकायची. पाण्याबरोबर पांढरं वाहून जाताना दिसायचं. तेव्हा मला काय वाटत होतं? आठवायचा प्रयत्न पुष्कळ केला. दुखायचं थांबलं की बरं वाटायचं, एवढंच आठवतं.

बाळूला शेळीचं दूध सुरू झालं, बोंडल्यानं. ते त्याला पचेना. हगवण लागली.

इथवर ऐकून तुम्ही कदाचित मनात म्हणत असाल — पोटची पोर होती, सासू तशी, आधीची दोन गेलेली, बाई काय करणार? मीही स्वतःला हेच सांगत आले. पण जी गोष्ट मी खरी लपवली ती ही नव्हेच.

शेजारी गौराक्का होती. कानडी घरातली, पण आमच्याशी मराठीच बोलायची. तिचा मुलगा वर्षाचा होता, अजून प्यायचा, आणि तिला दूध एवढं की लुगडं भिजायचं. बाळूचं कळल्यावर ती आपण होऊन आली. आमच्या सोप्यात उभी राहिली आणि सासूबाईंना म्हणाली, "माज्याकडं द्या की वो दोन दिस. पितंय का बगू या." सासूबाई तयार झाल्या. मूल दुपट्यात गुंडाळायलासुद्धा घेतलं त्यांनी.

सगळं तिथंच सुटलं असतं. नाही का? इंदूला माझं दूध, त्याला गौराक्काचं. मला हवं होतं तेच दारात चालून आलं होतं. पण मला एवढंच दिसलं — हा तिच्याकडे घटाघट पिईल, आणि मग सगळे माझ्याकडे बघतील. हिच्याकडेच का पीत नव्हता, असं विचारतील. मी सासूबाईंना आत बोलावलं आणि हळूच सांगितलं, तिच्या पोराला डांग्या खोकला लागलाय, काल रात्रभर ढास ऐकली मी.

तिच्या पोराला काही झालं नव्हतं.

सासूबाईंनी दुपटं सोडलं. बाहेर जाऊन म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गौराक्का, बगू आणि दोन दिसानं." ती कशाला वाईट वाटून घेते? "बरं, कवाबी हाक मारा," म्हणाली आणि गेली.

दोन दिवसांत बाळूचे डोळे खोल गेले. मान धरवेना. तेव्हा मी घाबरले. पश्चात्ताप झाला असं लिहिलं असतं, पण खोटं आणखी कशाला वाढवू — घाबरले. सकाळी न्हाणीत गेले. चिंच, राख, मग शिकेकाई, मग ऊन पाणी. दोन्ही बाजू लाल होईपर्यंत घासल्या. कसला म्हणून वास ठेवला नाही. त्याला मांडीवर घेतलं, डाव्या बाजूला. दूध आपोआप ठिबकत होतं, त्याच्या गालावर पडत होतं.

त्यानं तोंड लावलंच नाही. मी जवळ घेतलं तसं त्यानं डोळे मिटले आणि मान पलीकडे केली. ओठ आवळून धरले. त्या अंगात तेवढंच बळ उरलं होतं, आणि ते त्यानं माझ्यापासून तोंड फिरवायला वापरलं. मी पुन्हा लावलं. पुन्हा तेच. सासूबाई समोर होत्या, भाऊजी दारात होते. त्या दिवशी भाऊजी पहिल्यांदा आत आले. दोघांनी आपल्या डोळ्यांनी बघितलं की मी पाजते आहे, रडते आहे, आणि मूलच घेत नाही. गौराक्काला हाक मारा, एवढे तीन शब्द मला तेव्हाही बोलता आले असते. मी नुसती रडत राहिले.

तिसऱ्या प्रहरी तो गेला.

गावात नाव झालं माझं. जावेच्या पोरासाठी कुणी एवढं करत नाही, असं बायका म्हणायच्या. अजूनही एखादी म्हणते. इंदू मोठी झाली, नांदायला गेली, तिला आता चार मुलं आहेत. तिच्या मुलांना मी न्हाऊ घातलं. गौराक्काच्या पोरालाही मी मोठा होताना रोज बघितलं, धडधाकट. भाऊजींनी पुन्हा लग्न केलं नाही. कुणी विषय काढला तर म्हणायचे, नशिबात न्हाय. पंचवीसहून जास्त वर्षं मी त्यांना रोज दोन वेळा ताट वाढलं. रोज वाटायचं, आज सांगावं. मग भाकरी उलटायची असायची, नाहीतर दारात कुणीतरी यायचं. तुम्हाला खरं वाटतं का, की पंचवीस वर्षांत मला मोकळा वेळ मिळाला नाही?

बाळूला पुरून आले त्या संध्याकाळी भाऊजी सोप्यात आले. मी खांबाला टेकून बसले होते. छाती भरून आली होती, चोळी भिजली होती, आणि ते त्यांना दिसत होतं. ते खाली वाकले आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. वयानं ते माझ्याहून मोठे होते. म्हणाले, "वैनी, तुमी केलासा तेवढं सख्ख्या आईनंबी केलं नसतं."

मी पाय मागे घेतले नाहीत.