टाकव्याच्या माळावरची लढाई आणि आमचे दाजी

आज सकाळी शत्रूचे सरदार गेले.

म्हणजे आमचे दाजी. अक्काचे मालक, नवलाख उंबरे गावचे.

दचकू नका, सांगतो. ही लढाई कुठल्याच बखरीत नाही. पण टाकव्याच्या माळावर ती झाली, आणि मी स्वतः तीत होतो.

लोणावळ्यात उतरलेली एक सिनेमा कंपनी एकदा आमच्या गावात आली. ऐतिहासिक पिक्चर. माणसं गावातलीच हवी होती.

मावळे व्हायला अख्खं गाव तयार.
शत्रू व्हायला एकही नाही!

डायरेक्टर हात जोडतोय, "अहो, नुसती ॲक्टिंग आहे!"

आमचे वडील, आबा, म्हणाले, "सायेब, ॲक्टिंगमदी बी आमी न्हाई हरनार."

शेवटी देवळात बैठक बसली नि तोड निघाली. जावई बोलवा! ते परगावचे. हरले तरी गावाला कमीपणा नाही.

सगळ्या लेकींकडे निरोप गेले. अक्काकडेही.

खरी गोम इथंच होती. अक्कानं लग्न स्वतःच्या पसंतीनं केलेलं. तेव्हापासून आबा दाजींशी एक शब्द बोलले नव्हते. तिला माहेर बंद. आई चुलीच्या धुराचं निमित्त करून डोळे पुसायची.

पण निरोप गावाचा. आबांना अडवता येईना.

दाजींनी फॅक्टरीत रजा टाकली. अक्काला म्हणाले, "सासरवाडीचं पयलं बोलावणं हाय. शत्रू तर शत्रू!"

उंच म्हणून त्यांना सरदार केलं.

सोनकीच्या फुलांनी माळ पिवळाधमक झालेला. "ॲक्शन!" झालं आणि आम्ही गर्जना करत उतारावरून सुटलो. शाळेत पाठ केलेल्या साऱ्या वीरकविता माझ्या अंगात एकदम शिरल्या होत्या.

शत्रूपाशी पोचलो, आणि सगळे जागच्या जागी थबकले.

जावयावर हात उचलायचा कसा?

"राम राम पाव्हणं! लेकरं काय म्हनत्यात?"

"बरी हायेत. तुमचा गुडघा?"

तलवारी काखेत. एका मावळ्यानं तर शत्रूला तंबाखू मळून दिली. डायरेक्टर "कट! कट!" करत हॅट आपटतोय.

एकच मावळा थांबला नाही. आमचे आबा.

मनात साठलेलं सगळं एकवटून त्यांनी लाकडी तलवार दाजींच्या डोक्यात घातली. तलवारीचे दोन तुकडे. दाजी आडवे.

"एक नंबर!" डायरेक्टर नाचायलाच लागला. "यांचं परत एकदा घेऊ!"

आबांचा चेहरा मात्र पार उतरला. गुडघ्यावर बसून त्यांनी फेट्याचा शेमला दाजींच्या कपाळाला लावला.

"पाव्हणं... लय लागलं का?"

लग्नानंतरचे पहिले शब्द.

दाजी डोळे मिटूनच म्हणाले, "न्हाई मामा. पन ते परत घेऊ म्हनत्यात."

आबा उठले, आणि साऱ्या माळाला ऐकू जाईल असे डायरेक्टरवर कडाडले,

"परत न्हाई! जावई हाय माझा!"

पिक्चर कधी कुठं लागलाच नाही.
अक्का मात्र त्याच दिवशी माहेरी आली. आईनं जावयाच्या टेंगळावर हळद लावली, मग ओवाळलं.

दाजी, निवांत जा. अक्काला आम्ही सांभाळतो.

भरल्या डोळ्यांनी रामराम.