पाच दगड

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर दगड धुतले. अमेरिकेत, शिकागोजवळ शॉमबर्गला, मुलाच्या घरी, सिंकमध्ये. बायको धूत होती, मी फडक्यानं पुसत होतो. पाच दगड, बिल्डिंगपुढच्या झुडपांखालून तिनं वेचलेले.

हे खूळ त्याच दुपारचं. सुनेनं आम्हाला शिकागोला चित्रांच्या म्युझियममध्ये नेलं होतं. माझे पाय भरून आलेले, आणि ही एका चित्रापुढे जी थांबली ती हलेचना. दीडशे वर्षांपूर्वीचं आहे म्हणे, सुनेनं पाटी वाचून सांगितलं. स्वयंपाकघर. म्हातारी बटाटे सोलतेय, आणि फरशीवर दोन गोऱ्या पोरी चक्क सागरगोटे खेळतायत. एकीनं गोटा वर उडवलेला.

“अहो, ही हरणार बघा. खाली बघतेय. नजर वरच्या गोट्यावर पाहिजे.” दाखवायला बोट एवढं जवळ नेलं की गार्ड धावत आला. हिनं त्यालाच नमस्कार केला.

“दीडशे वर्षं पडला नाही, आता काय पडतोय? चल,” मी म्हणालो.

दगड पुसून झाले तशी ही किचनच्या फरशीवर बसली. “बसा. एक डाव.”

“मी काय पोरगी आहे? उद्या बघू.”

“हराल म्हणून घाबरताय.”

“घाबरतो तर घाबरतो.”

मी टीव्ही लावून बसलो. समजत काही नव्हतं. मागं तिचे दगड वाजत होते. मग म्हणाली, जेवणाआधी जरा पडते. सून उठवायला गेली, तर ही गेलेली. अँब्युलन्सवाले येऊन तिला घेऊन गेले.

सकाळी मुलगा कॉलिंग कार्डावरून गावाकडं फोन लावत होता. सुनेनं विचारलं, “बाबा, हे दगड बाहेर टाकू का?”

“हात लावू नकोस,” मी खेकसलोच. तिचं काय चुकलं होतं?

ती आत गेल्यावर ओट्याला धरून खाली बसलो. एक दगड वर उडवला. नजर वरच ठेवली, तिनं सांगितल्यासारखी. खालचा हाताला लागेना, वरचा बोटांवर आपटून फ्रिजखाली गेला. हरलो. हसायला कोणी नव्हतं.

पालथा पडलो, फ्रिजखाली हात घालून दगड काढला, फुंकून साफ केला, आणि परत उडवला.