पाकळी पडेना, लीज वाढेना

वरोरची मालू तांडेल तेवीस वर्षं डहाणूच्या बाजारात सुके बोंबील विकत बसली आणि त्यातूनच तिने खाडीमायच्या देवळामागच्या बिल्डिंगमध्ये दोन खोल्या घेतल्या. नवरा गेल्यावर तेवढंच तिचं. खोल्या तिच्या, पण खालची जमीन देवीची. ट्रस्टने ती तीस वर्षांच्या लीजवर दिलेली, आणि ती मुदत २०१९च्या मार्चअखेर संपणार. मुदत वाढली नाही तर वळकटी उचलून जायला मालूला दुसरी जागा नव्हती. वरोरचं घर दिराने कधीच आपल्या नावावर करून घेतलं होतं.

बिल्डिंगवाल्यांनी तिलाच पुढे केलं.

"मालूबाय, तुझा आवाज मोठा," तळमजल्यावरची भाविनी म्हणाली. "शेठ वकिलाला नाय घाबरत, तुला घाबरेल."

ट्रस्टचे अध्यक्ष धर्मेशशेठ. त्यांना त्या जागेवर लग्नाचा हॉल बांधायचा होता हे अख्ख्या गावाला ठाऊक. पण तोंडावर नाही म्हणणारा माणूस नव्हे तो. हात जोडून म्हणाले, "मालूबेन, मी कोण सांगणार? मालकीण देवी. तिचा कौल घ्या. उजवा आला की लगेच सही."

मंगळवारी देवळातल्या नारू भगताने झेंडूच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन खांद्यांना लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सगळे डोळे लावून बसले. तास झाला, दोन तास झाले. एकही पडेना.

पडणार कशी? ट्रस्टने संक्रांतीला देवीला नवा शेंदूर चढवला होता, तेलात कालवून बोटभर जाड. त्यात पाकळ्या रुतूनच बसल्या. शेंदूर खरवडायची कोणाची छाती! पुढच्या मंगळवारी तेच, त्याच्या पुढच्याला तेच. भाविनी म्हणाली, पंखा तरी लावा. धर्मेशशेठ उसळले, "तो पंख्याचा कौल होईल!" आणि बटणापाशी एक माणूस बसवला. तिसऱ्या मजल्यावरच्या चिमणकाकांना शिंक आली, तर त्यांना देवळाबाहेर काढलं. ट्रस्टच्या वहीत प्रत्येक मंगळवारी एकच ओळ चढायची: मालकीण विचारात आहे.

मार्च लागला. मालू दुपारची एकटी देवीसमोर जाऊन बसायची. देवीवर रागवावं असं तिच्या मनात कधी आलं नाही. पण तिच्या मनात गिऱ्हाईक आलं. घेत नाही, उठतही नाही, नुसतं बोंबील चिवडत बसतं, तसं गिऱ्हाईक. त्याला 'घेणार का?' विचारायचं नसतं. 'झाकू का टोपली?' विचारायचं.

चौथ्या मंगळवारी ती उठून उभी राहिली.

"नारूभाऊ, आज गाऱ्हाणं मी सांगते तसं घाल. आम्हाला उठवायचं असेल तर माय पाकळी पाडेल. उजवी पाडो, डावी पाडो. अजून तीस वर्षं राहू द्यायचं असेल तर पाडणार नाय."

"उलटा कौल? असं कुठे असतं?" धर्मेशशेठ म्हणाले.

भगताने डोकं खाजवलं. "मालकीण ती. तिला कसंबी विचारावं."

"पण किती वेळ थांबायचं?"

"आरती संपेपर्यंत," मालू म्हणाली.

शेठ इतक्या चटकन हो म्हणाले की मालूने वळून त्यांच्याकडे पाहिलं.

आरती सुरू झाली. गणपतीची झाली, देवीची झाली, शंकराची झाली. मग शेठनी गुजराती आरत्या काढल्या. त्या त्यांना पुष्कळ येत होत्या. दत्त झाला, मारुती झाला. "कापूर घाला, कापूर घाला!" मधूनच शेठ ओरडायचे. गाभारा भट्टीसारखा तापला. शेंदूर पाघळायला लागला आणि डावी पाकळी खांद्यावरून खाली सरकू लागली. दंडापर्यंत आली. कोपरापर्यंत आली. भाविनीने डोळेच मिटले.

शेठनी शनीच्या आरतीसाठी श्वास घेतला. तेवढ्या फटीत मालूने बाजारच्या आवाजात शेवटची, लोटांगणाची प्रार्थना उचलली.

ती एकदा सुरू झाल्यावर कोणाचे पाय जागेवर राहतात? सगळं देऊळ हात जोडून स्वतःभोवती फिरायला लागलं. पंख्याच्या बटणावरचा माणूस फिरला, बाहेर बसवलेले चिमणकाका बाहेरच फिरले. शेठच्या तोंडात शनी होता, पण पाय फिरत होते. देवभीरू माणूस, अर्ध्यावर थांबणार कसा?

फिरून सगळे समोर आले. नारू भगताने निरांजन वर धरलं. पाकळी कोपराच्या टोकाला लटकत होती. पण होती.

"संपली आरती," भगत म्हणाला. "माय म्हणते, राहा."

"अरे, शनीची राहिली ना..."

"शेठ," मालू म्हणाली, "लोटांगणानंतर आरती म्हणतात का कुठे? तुमच्या घरी म्हणतात?"

यावर हो म्हणायला सगळ्या देवळात कोणी धजेना. शेठनी पेन मागितलं.

"उभ्या उभ्याच करा," मालू म्हणाली. "माय बघतेय."

मुदतवाढीच्या ठरावावर तीस वर्षं लिहिली गेली, खाली सही झाली, शिक्का बसला. शेठ पेनाला टोपण लावतात तोच पाकळी टपकन खाली आली.

"पडली!" शेठ ओरडले. "बघा, सगळ्यांनी बघा, पडली!"

मालू वाकली. तिने पाकळी उचलली, कपाळाला लावली आणि प्रसाद म्हणून तोंडात टाकली.